धुराड्यांतून उडून जाणारी ऊब

हिंवाळ्याच्या पहाटे शेकोटीजवळ बसलेल्या मनुष्याची छाती भाजते आणि पाठ मात्र गारठलेलीच राहते, हा अनुभव महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांत सर्वांच्या परिचयाचा आहे. घटकाभर शेकून लोक आपापल्या कामास लागतात. या गैरसोयीची कोणी तक्रार करीत नाहीं. परंतु ज्या देशांत नद्या गोठतात आणि महिनेच्या महिने घरांत अग्नि पेटता ठेवावा लागतो, तेथें हाच अनुभव कुटुंबाच्या जमाखर्चाचा, आणि गरिबांच्या घरीं तर जीवनमरणाचा, प्रश्न होऊन बसतो.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडांतील व त्याच्या अमेरिकन वसाहतींतील बहुतेक घरांना ऊब मिळे ती भिंतींत बांधलेल्या उघड्या शेगडीपासून. तिच्यावरचें धुराडें पुष्कळदां इतकें रुंद असे कीं, तें झाडणारीं लहान मुलें आंतून वर चढून जात. जाळ पेटला म्हणजे खोलींतील तापलेली हवा धुराबरोबर वर निघून जाई, आणि तिची जागा भरून काढण्यासाठीं दारांखिडक्यांच्या फटींतून बाहेरची बोचरी हवा आंत शिरे. जाळ जितका मोठा, तितका थंड वाऱ्याचा झोतहि मोठा! घरधनी लांकडाला पैसा मोजी आणि ऊब मिळे ती आकाशाला.

या उधळपट्टीचा विचार फिलाडेल्फियांतील मुद्रक बेंजामिन फ्रँक्लिन यानें केला. शहरांजवळचीं अरण्यें तुटत चालल्यामुळें तेथें जळाऊ लांकूड दुरून आणावें लागत होतें. फ्रँक्लिननें ओतीव लोखंडाच्या तक्त्यांची नवी शेगडी योजिली. जाळामागें त्यानें एक पोकळ पेटी बसविली. धूर तिच्यावरून मागें जाऊन खालीं उतरे आणि मग धुराड्यांत शिरे. पेटींतून येणारी बाहेरची ताजी हवा या मार्गांत तापून खोलींत येई. या शेगडीचें वर्णन करणारी पुस्तिका त्यानें १७४४ सालीं छापली. आपली खोली पूर्वीच्या चौथाई लांकडांत दुप्पट उबदार होते, असा त्याचा दावा होता. प्रांताच्या गव्हर्नरानें एकाधिकाराचें पत्र देऊं केलें, तें त्यानें नाकारलें. दुसऱ्यांच्या शोधांचा लाभ मनुष्य घेतो, तेव्हां स्वतःचा शोधहि त्यानें मोकळ्या हातानें द्यावा, असें त्याचें मत होतें. लंडनच्या एका व्यापाऱ्यानें मात्र त्यांत थोडा फेरफार करून स्वतःच्या नांवें एकाधिकार मिळविला व पैसा केला! मूळ शेगडींत एक उणीव होतीच. धुराडें तापलेलें नसलें म्हणजे खालीं उतरणारा धूर पुढें जाईना. म्हणून पुढील कारागिरांनीं ती रचना सोपी केली. नांव तेवढें फ्रँक्लिनचें राहिलें.

स्वीडनमध्यें लांकडाची चिंता निराळ्या कारणानें उत्पन्न झाली. लोखंडाच्या भट्ट्यांना कोळसा लागे आणि कोळशासाठीं अरण्यें पडत. १७६७ सालीं शासनानें कार्ल योहान क्रोनस्टेड्ट व फाबियान व्रेडे यांजवर काटकसरीची शेगडी योजण्याचें काम सोंपविलें. त्यांनीं विटांच्या उंच शेगडींत धुराला वरखालीं फिरविणारे मार्ग केले. धूर बाहेर पडेपर्यंत आपली उष्णता विटांना देऊन जाई, आणि जाळ विझल्यावरहि त्या विटा कित्येक तास खोली उबदार ठेवीत.

तिसरा पुरुष बेंजामिन थॉम्प्सन, म्हणजेच काउंट रम्फर्ड. फ्रँक्लिन जन्मला बोस्टनमध्यें १७०६ सालीं. हा जन्मला जवळच्याच वोबर्न गांवीं १७५३ सालीं. अमेरिकन क्रांतींत एक स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता, तर दुसरा इंग्लंडच्या राजाचा पक्षपाती झाला व देशांतून निघून गेला. पुढें बव्हेरियाच्या सेवेंत असतां म्यूनिकमधील भिकाऱ्यांसाठीं रम्फर्डनें उद्योगगृह चालविलें. थोड्या जळणांत पुष्कळांचें अन्न कसें शिजवावें, याचा अभ्यास त्यानें तेथेंच केला. १७९६ सालीं त्यानें लंडनमध्यें शेगड्यांविषयीं निबंध प्रसिद्ध केला. त्याचा उपाय अगदीं साधा होता. धुराड्याचा गळा चार इंचांपर्यंत अरुंद करावा, शेगडीची मागील भिंत पुढें आणून तिची रुंदी तोंडाच्या एक तृतीयांश ठेवावी, आणि बाजूच्या भिंती तिरप्या कराव्या, म्हणजे उष्णतेचे किरण खोलीकडे फेंकले जातील. यास नवें यंत्र नको. विटा, चुना आणि जाणता गवंडी एवढें पुरे. लंडनमधील शेंकडों घरांत हा फेरफार झाला.

लोखंडाची शेगडी विकत घ्यावी लागे आणि स्वीडनची शेगडीहि प्रथम श्रीमंतांच्याच घरीं आली. रम्फर्डचा उपाय मात्र असलेल्या शेगडींतच करतां येई. राजकारणांत परस्परविरुद्ध उभ्या राहिलेल्या या दोघां शेजाऱ्यांनीं सिद्ध केलें तें एकच: अधिक जाळण्यापेक्षां जळलेलें राखणें स्वस्त पडतें. आजहि थंड देशांतील घरांच्या भिंतींत ऊब अडविणारे थर भरतात आणि खिडक्यांना दुहेरी कांचा बसवितात, त्याचें मूळ याच तत्त्वांत आहे.

मात्र या काटकसरीलाहि मर्यादा आहे. निखारे पुरते विझण्यापूर्वींच धुराड्याची झडप लावली, तर कोंडलेला विषारी वायु झोपलेल्या माणसांचे प्राण घेतो. म्हणून फ्रँक्लिननें ऊब राखतांनाच ताज्या हवेची वाट मोकळी ठेविली होती. जळण वांचवावें, पण श्वासाच्या मोलानें नव्हे.