रजिस्टरच्या पत्त्यातील संशयित चूक : पडताळणी कशी होते?

नेटवर्क कार्ड, टायमर, ग्राफिक्स यांसारखी उपकरणे ऑपरेटिंग सिस्टीमशी ‘रजिस्टर’ नावाच्या छोट्या कप्प्यांमार्फत व्यवहार करतात. मेमरीप्रमाणे या कप्प्यांनाही पत्ते असतात. उपकरणाचा मूळ पत्ता आणि त्यापासूनचे अंतर मिळून तो बनतो. कोडमधील एखादा अंक चुकला तरी प्रोसेसर बहुधा तक्रार करीत नाही. मूल्य निमूटपणे भलत्याच कप्प्यात जाऊन पडते.

पहिली पडताळणी चिपनिर्मात्याच्या माहितीपत्रकाशी होते, पण तेथेही फसगत संभवते. पहिल्या रास्पबेरी पायमधील बीसीएम २८३५ चिपच्या माहितीपत्रकात जीपीआयओ रजिस्टरांचा पत्ता षोडशमान पद्धतीत ७ई२००००० असा आहे. व्यवस्थित चालणाऱ्या कोडमध्ये मात्र २०२००००० आढळतो. नवख्याला ही उघड चूक वाटते. वस्तुतः माहितीपत्रक बसवरचा पत्ता सांगते आणि कोड प्रोसेसरला दिसणारा पत्ता वापरतो. २०१५ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय २ मध्ये तोच पत्ता ३एफ२००००० झाला. अंतर तेच राहिले, मूळ पत्ता बदलला. तेथे जुना आकडा खरोखरच चुकीचा ठरला.

दुसरी पडताळणी प्रत्यक्ष उपकरणावर होते. ओळखक्रमांक असलेले रजिस्टर वाचून अपेक्षित मूल्य येते का, हे पाहतात. वाचन निरुपद्रवी असते, असे मात्र गृहीत धरू नये. काही रजिस्टरे वाचताच कोरी होतात.

सर्वांत कठीण प्रश्न असतो तो भलत्या पत्त्यावर लिहिले कोणी, हा. २००८ मध्ये लिनक्स २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्या वापरणाऱ्यांची इंटेलची काही नेटवर्क कार्डे निकामी होऊ लागली. कार्डाची ओळख व मांडणी साठवणारी कायम मेमरीच बिघडत होती. संगणक पुन्हा सुरू करूनही उपयोग नव्हता. संशय स्वाभाविकपणे ‘ई१०००ई’ या ड्रायव्हरवर गेला, ग्राफिक्सच्या कोडवरही गेला. मूळ कारण सापडण्याआधीच त्या मेमरीला लेखनबंदी करण्यात आली. हा निर्णय शहाणपणाचा होता, कारण प्रत्येक नव्या प्रयोगात आणखी एक कार्ड गमावण्याची भीती होती.

दोषी निघाला तो कर्नलमधील ‘एफट्रेस’ हा मागोवा घेणारा भाग. तो चालू कोडमधील ठरावीक सूचनांचे पत्ते नोंदवून ठेवी आणि नंतर त्या बदली. दरम्यान एखाद्या मॉड्यूलचा प्रारंभीचा कोड काढून टाकला गेला, तर मोकळा झालेला पत्ता नेटवर्क कार्डाच्या वाट्याला येऊ शके. नोंद मात्र जुनीच राही. एफट्रेस बदलापूर्वी जुने मूल्य ताडून पाही, हे खरे. पण त्यासाठी वापरलेली प्रोसेसरची सूचना तुलना फसली तरी वाचलेले मूल्य परत लिहितेच. साध्या मेमरीत त्याने काही बिघडत नाही. उपकरणाच्या कप्प्यात मात्र ते लेखनच ठरते. ड्रायव्हरमधील आकडे कितीही वेळा तपासले असते, तरी हे हाती लागले नसते.

२.६.२७ ही आवृत्ती ९ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झाली आणि काही दिवसांतच आलेल्या २.६.२७.१ मध्ये एफट्रेसची ही सोय बंद करण्यात आली. पुढील आवृत्तीत पत्ते कोड संकलित होतानाच नोंदवण्याची पद्धत आली. ज्यांनी कार्डाच्या मेमरीची प्रत आधीच काढून ठेवली होती, त्यांना ती परत भरण्याची संधी तरी होती.