फियाटच्या पाठीची कमान

‘गाडी मागून बसली’ असं मेकॅनिक म्हणतो, तेव्हा ती बंद पडलेली नसते. चालत असते, फक्त तिची शेपूट खाली आलेली असते. बदलापूरहून बारवी धरणाकडे सहलीला निघालेली जुनी फियाट ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे दृश्य आठवेल. पुढे तिघं, मागे चौघं, मांडीवर पोरं, डिकीत जेवणाचे डबे आणि सतरंजी. रस्त्यात खड्डा आला की मागून ‘धप्प’ असा आवाज यायचा. डब्यांचा आहे असं म्हणून सगळे तो सोडून द्यायचे. खरं तर ती पाट्यांची तक्रार असायची.

पाटे म्हणजे पोलादी पट्ट्यांची कमान. सर्वांत लांब तो मुख्य पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना गोल वळवलेले कान असतात आणि त्यांतून तो गाडीच्या सांगाड्याला जोडलेला असतो. त्याखाली एकाहून एक आखूड पाटे रचून सेंटर बोल्टनं ते एकत्र आवळतात. फियाटच्या पुढच्या चाकांना गुंडाळीच्या स्प्रिंगा होत्या, पण मागचा अख्खा ॲक्सल दोन बाजूंच्या अशा दोन कमानींवर बसवलेला असे. गुंडाळीची स्प्रिंग फक्त वजन पेलते. ॲक्सल जागेवर धरायला वेगळे दांडे लागतात. पाटा मात्र वजनही पेलतो आणि ॲक्सलही धरून ठेवतो. शिवाय पाटे एकमेकांवर घासतात, त्यामुळे गाडीचं हिंदकळणंही थोडं आवरतं. एकाच वस्तूकडून तीन कामं करून घेण्याची ही युक्ती.

ही युक्ती मोटारीपेक्षा जुनी आहे. इंग्लंडमध्ये ओबाडाया इलियट याने १८०४ साली घोडागाडीसाठी लंबगोल कमानींचं पेटंट घेतलं आणि बग्गीत बसणाऱ्यांची हाडं वाचली. मुंबईतल्या व्हिक्टोरिया अशाच पाट्यांवर डुलत असत. मोटार आली ती घोडा सोडून बग्गीचं बरंच काही घेऊन आली. त्यामुळे आपल्याकडे मोटारीचा पाटा लोहाराला अनोळखी नव्हता. ही गोष्ट पुढे फार कामाची ठरली.

भारतात मोटार बनावी ही आस वालचंद हिराचंद यांची. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या या माणसानं जहाजं आणि विमानं यांच्या जोडीनं मोटारीचंही स्वप्न पाहिलं. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी बोलणी झाली, पण युद्धाच्या काळात इंग्रज सरकारनं हात आखडता घेतला. तरी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या बाहेर पडू लागल्या. त्या मुख्यतः परदेशी सुट्या भागांची जुळणी करून केलेल्या होत्या. पुढे सरकारनं धोरण ठरवलं, की नुसती जुळणी करणाऱ्यांनी इथे राहू नये. भाग इथेच बनवण्याची तयारी असेल त्यांनीच राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली. इटलीच्या फियाट कंपनीची ‘अकराशे’ ही गाडी १९५४ पासून कुर्ल्यात तयार होऊ लागली. वालचंदांना मात्र ती पाहता आली नाही. १९५३ सालीच त्यांचं निधन झालं होतं.

१९६४ मध्ये ‘अकराशे डिलाइट’ आली. फियाटशी असलेला करार संपल्यावर तीच गाडी आधी ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ झाली. लोकांनी नाव बदललं नाही, ते फियाटच म्हणत राहिले. त्याच सुमारास, १९७२ साली, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या बारवी धरणाचा पहिला टप्पा झाला. अंबरनाथ, बदलापूर, डोंबिवलीच्या कारखान्यांना त्याचं पाणी मिळू लागलं. आपलं आपण बनवायचं, हा त्या दशकांचा बाणा होता. त्याची दुसरी बाजूही होती. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. म्हणून हातातली गाडी टाकायची नाही, दुरुस्त करायची, हा धडा त्या पिढीनं गिरवला. तिच्या गॅरेजवाल्यांनी तो आधीच गिरवलेला होता.

पाट्यांची खरी परीक्षा घेतली ती मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीनं. टपावर कॅरिअर, कॅरिअरवर ट्रंका, डिकीत वळकट्या. पुढे मुंबईच्या टॅक्सींत सीएनजी आला आणि डिकीत पन्नास-साठ किलोची टाकी कायमची येऊन बसली. पाहुणा उतरला तरी टाकी उतरत नाही. पोलादावर सतत वजन राहिलं, की कमान हळूहळू सपाट होत जाते. त्यावर टॅक्सीवाल्यांचा उतारा सोपा होता: एक पाटा जास्त टाका. गाडी उचलली जायची, पण कडकही व्हायची. आणि मागे बसलेल्याला प्रत्येक खड्डा मोजता यायचा.

दुसरा उपाय लोहाराचा. पाटे सुटे करायचे, भट्टीत लाल करायचे, पुन्हा कमान द्यायची, तेलात बुडवायचे आणि मग बेतानं परत तापवून त्यांचा ठिसूळपणा घालवायचा. हे शेवटचं तापवणं चुकलं, की पाटा एक तर काचेसारखा तुटतो नाही तर महिन्याभरात पुन्हा बसतो. ज्याचा हात यात बसला आहे, तो लोहार रंगावरून पोलादाची गरमी ओळखतो.

आज ज्यांच्या दारात जुनी फियाट आहे, त्यांनी पाटे बदलायची वेळ ओळखावी ती अशी. गाडी सपाट जागी रिकामी उभी करावी आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजावं. एका बाजूला ते कमी भरलं, तर त्या बाजूचा पाटा बसला. मग पाट्यांची टोकं पाहावीत. खालच्या पाट्याच्या टोकानं वरच्यात चर पाडला असेल, तर तडा तिथूनच जातो. बदलायचे तर दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. एक नवा आणि एक जुना ठेवला, की गाडी कललेलीच राहते. यू-बोल्ट जुने वापरू नयेत, ते एकदा ताणलेले असतात. गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली शिरू नये, घोडे लावावेत. आणि कानातल्या रबरी बुशांचे बोल्ट शेवटचे आवळायचे, ते गाडी चाकांवर उतरवल्यानंतर. अधांतरी असताना आवळले, तर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं.

इथवर सगळं ठीक. अडचण पुढे आहे. पद्मिनीचं उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबलं. तरी भाग मिळत होते, कारण रस्त्यावर हजारो टॅक्सी होत्या. भाग बनवणाऱ्याला गिऱ्हाईक होतं, भंगारवाल्याकडे माल होता आणि लोहाराच्या हाताला सराव होता. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा लागली. तारदेवला २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी निरोपाचे लेख लिहिले. शौकिनांच्या गाड्या तोवर टॅक्सींच्या जिवावर जगत होत्या, हे मात्र फार थोड्यांनी लिहिलं.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या खासगी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली. गाडीला मान मिळाला, हे चांगलंच झालं. पण पाट्याला कमान देणाऱ्या हाताची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. तो हात थांबला, की उरलेली गाडी फक्त पाहायची वस्तू होईल.

म्हणून मालकांना एकच विनंती. नवे पाटे बसवले, की जुने गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. आपल्या खेड्यापाड्यांत गाडीच्या पाट्याचा कोयता नावाजलेला आहे. त्याला धार टिकते, कारण पोलाद कसदार असतं. भंगारात गेलेले बहुतेक पाटे शेवटी कोयता होऊन भाताच्या बांधावर किंवा करवंदीच्या जाळीत पोचतात, आणि त्यात वाईट काही नाही. पण एक जोडी तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवा. उद्या एखाद्या कारागिराला नवे पाटे घडवायचे झाले, तर लांबी, जाडी आणि कानाचं माप घ्यायला त्याच्यापुढे नमुना लागेल. नकाशा कुर्ल्याच्या कारखान्यात होता, आता तो नमुना तुमच्या माळ्यावर आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)