न्यूट्रल म्हणजे नक्की कोण?

गाडी न्यूट्रलला टाकली की विषय संपतो. देशांचं तसं नसतं.

२७ जुलै १९५३ च्या कोरियन शस्त्रसंधीत व्याख्याच होती : ज्यांचं सैन्य इथं लढलं नाही, ते तटस्थ. म्हणजे कम्युनिस्ट गटातले पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियासुद्धा तटस्थ! मायदेशी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांसाठी आयोग नेमला, त्यात स्वीडन-स्वित्झर्लंडच्या शेजारी हे दोघंही बसले. अध्यक्ष होते भारताचे जनरल थिमय्या. भारतानंही कोरियात पथक पाठवलं होतं, पण ते जखमींवर उपचार करणारं.

शेवटी ८८ कैद्यांनी दोन्ही बाजू नाकारल्या आणि १९५४ मध्ये ते आपल्या जवानांसोबत भारतात आले. मला विचाराल तर खरे न्यूट्रल हेच. देशांना तो शिक्का करारानं दिला. यांनी त्यासाठी घर सोडलं.