निवेदक आणि पक्षकार : विशेष शिक्षणाच्या इतिहासातील पालक

भाषेच्या क्षेत्रीय अभ्यासात ज्याच्या तोंडून आपण भाषा टिपून घेतो त्यास निवेदक म्हणण्याचा प्रघात आहे. पुरावा त्याचा, निष्कर्ष मात्र अभ्यासकाचा. अपंग मुलांच्या शिक्षणाच्या इतिहासात आईबापांचे स्थान दीर्घकाळ असेच, निवेदकाचे, राहिले असे मला वाटते.

याला अपवाद मुंबईत सापडतात. वकील दांपत्याने आपल्या मुलीसाठी 1944 साली घरीच शाळा आरंभिली. तीच पुढे जय वकील शाळा म्हणून नावारूपास आली. मिथू आलूर यांनी मेंदूच्या पक्षाघाताने ग्रस्त मुलांसाठी 1972 साली विशेष शिक्षणाचे केंद्र काढले, त्यामागेही स्वतःच्या मुलीचाच प्रश्न होता. शाळा मिळत नाही म्हणून शाळा काढावयाची, हा पालकांच्या आग्रहाचा एक प्रकार होय. परंतु त्यास शिक्षण, पैसा आणि महानगर ही तिन्ही लागतात. ज्यांच्यापाशी ती नाहीत त्यांचा इतिहास संस्थांच्या अहवालांत सापडत नाही. तो तपासणीच्या कागदांत शोधावा लागतो.

या कागदांपैकी एक विशेष उद्बोधक आहे. अमेरिकेतील व्हाइनलँड येथे एडगर डॉल यांनी 1935 साली सामाजिक परिपक्वतेची मापनश्रेणी सिद्ध केली. तिचे भारतीय रूपांतर नागपूर येथे ए. जे. मॅलिन यांनी केले. तीत प्रश्न मुलाला नव्हे, मुख्यतः आईला विचारतात : हाताने जेवतो का, ओळखीच्या वस्तूंची नावे घेतो का. म्हणजे पुरावा बव्हंशी आईच्या शब्दांचा.

आता बिलोलीचा विचार करू. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत शेजारचा मुधोळकडील प्रदेश आंध्रात गेला व बिलोली मराठी मुलखात राहिली. सीमा आखली गेली, पण कित्येक घरे दुभाषीच राहिली. जेथे आई तेलुगू बोलते तेथे मूल पाण्याला 'नीळ्ळु' म्हणेल. आईच्या लेखी ते वस्तूचे नाव. केवळ मराठी जाणणाऱ्या तपासनिसाच्या कानी तो अर्थहीन ध्वनी ठरू शकतो, आणि मुलाचा उच्चार अडखळता असला की घोटाळा अधिकच वाढतो. अशा वेळी त्याला बोलता येते हा आईचा हट्ट आंधळ्या मायेत जमा होतो. वस्तुतः तो भाषिक पुरावा आहे, आणि तो नेटाने मांडताना ती निवेदक न राहता पक्षकार होते.

कायद्याने हे पक्षकारत्व उशिरा मानले. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता यांसाठी 1999 च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास स्थापिला व त्याच्या मंडळात पालकसंघांना स्थान दिले. शिक्षणहक्काच्या 2009 च्या कायद्यातील वंचित गटाच्या व्याख्येत अपंग बालके आली ती 2012 च्या दुरुस्तीने. 40 टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क 2016 च्या कायद्याने मिळाला. (पसंती या शब्दाला निदान दोन पर्याय लागतात, हे व्याकरणाचा विद्यार्थीही सांगेल.)

मूल 18 वर्षांचे झाले की आईबापांचे कायदेशीर पालकत्व संपते. न्यासाच्या कायद्याखाली पुढील नेमणुकीसाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. समितीवर जिल्हाधिकारी असतात, म्हणजे बिलोलीकरांना नांदेड गाठणे आले. हा अर्ज कशासाठी, हे त्या आईला समजावून सांगताना भाषाच आडवी येते. कारण मराठीत आईबापांनाही पालक म्हणतात आणि समितीने नेमलेल्यालाही पालकच.