लॅम्डामूतील न्याय

लॅम्डामू हा निव्वळ शब्दांत उभारलेला सामायिक खेळ पावेल कर्टिस यांनी १९९० मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात सुरू केला. खेळाडूंची भांडणे ‘विझार्ड’ म्हणजे व्यवस्थापकच मिटवत. १९९२च्या अखेरीस त्यांनी यातून अंग काढून घेतले. १९९३ मध्ये ‘मिस्टर बंगल’ या पात्राने इतर पात्रांवर शब्दांतून लैंगिक अत्याचार केले. पात्रे काल्पनिक असली, तरी त्यांच्यामागची दुखावलेली माणसे खरी होती. त्या पात्राचे काय करावे, यावर खेळाडूंच्या सभेत एकमत झाले नाही. अखेर एका विझार्डने स्वतःच्याच निर्णयाने ते पात्र पुसून टाकले. त्यानंतर अर्ज, मतदान आणि लवाद आले. ठरावाला विरोधी मतांच्या दुप्पट मते लागत. तंटा खेळाडूंपैकीच कोणी लवाद म्हणून ऐके. तरी निवाड्यांवरूनच नवे वाद पेटत राहिले. १९९६ मध्ये विझार्डांनी निर्णयाधिकार पुन्हा हाती घेतला.