साठी, चळ आणि रक्तवाहिनी : एका रोगनामाचा इतिहास

मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या विकाराने येणाऱ्या बुद्धिऱ्हासाचा विचार प्रस्तुत टिपणात त्याच्या नावांच्या अंगाने करावयाचा आहे. आपल्या बोलीत या अवस्थेविषयी शब्द आहेत. परंतु ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तिचे कारण वयात शोधते आणि ‘म्हातारचळ’ हा शब्द वृद्धाच्या वर्तनालाच दोष देतो. ‘अर्धांगवायू’ हे नाव लुळ्या पडलेल्या शरीराचे आहे. त्यानंतर ढळणाऱ्या बुद्धीचा बोध त्यातून होत नाही.

युरोपातही हा संबंध सावकाशच जुळला. वेप्फर याने १६५८ मध्ये झटक्याचा संबंध मेंदूतील रक्तस्रावाशी जोडला. विलिस याने १६७२ मध्ये झटक्यानंतर येणाऱ्या बुद्धिमांद्याचे वर्णन केले. १८९४ च्या सुमारास बिन्स्वांगर व आल्झायमर यांनी धमनीकाठिण्यजन्य ऱ्हास हा उपदंशजन्य विकारापासून वेगळा काढला. १९०१ मध्ये प्येर मारी याने मेंदूतील सूक्ष्म पोकळ्यांचे विवेचन केले.

त्याच वर्षी कोपरीच्या पश्चिमेस, लोहमार्गापलीकडे, ठाण्याचे मनोरुग्णालय स्थापन झाले. त्या वेळी लागू असलेल्या १८५८ च्या कायद्यात ‘ल्युनॅटिक’ या एका शब्दात सर्व मनोविकलांचा समावेश होई. लोकांनी त्याचे ‘वेड्यांचे इस्पितळ’ केले. पॅरिसमध्ये जो भेद सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागला होता, त्याला येथील कायद्यात वा बोलीत शब्द नव्हता.

या विकाराची प्रक्रिया आता पुष्कळशी उलगडली आहे. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे २ टक्के असतो. प्राणवायू मात्र त्याला सुमारे २० टक्के लागतो. दीर्घकाळच्या रक्तदाबाने व मधुमेहाने सूक्ष्म धमन्यांच्या भिंती जाड होतात, रक्तपुरवठा घटतो आणि मेंदूच्या भागांना जोडणारे तंतू झिजतात. मोठी धमनी तुंबल्यास एकाच आघाताने बुद्धी ढळू शकते. १९७४ मध्ये हाचिन्स्की प्रभृतींनी अनेक लहानमोठ्या आघातांच्या साचण्यावर भर दिला.

आज रूढ असलेला ‘स्मृतिभ्रंश’ हा समास गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही आढळतो. तेथे तो क्रोधातून उद्भवणाऱ्या अवस्थेचा वाचक आहे. प्रस्तुत रोगात पुष्कळदा स्मृतीपूर्वी विचाराचा वेग व कामाची जुळणी बिघडते. म्हणून ‘रक्तवाहिनीजन्य बुद्धिऱ्हास’ ही संज्ञा अधिक यथार्थ वाटते. वयाला उपाय नाही. रक्तदाब, मधुमेह व तंबाखू यांना आहे. नावातच कारण आले, तर घरातील माणसे म्हाताऱ्याला हसण्याऐवजी वेळीच वैद्याकडे नेतील.