नाव आणि आकडा : बसऱ्याच्या युद्धस्मारकाविषयी

‘स्मारक’ हा शब्द ‘स्मृ’ धातूच्या प्रयोजक रूपापासून सिद्ध झालेला आहे. जे स्मरण करवून देते ते स्मारक. स्मरण कोणाचे, हा प्रश्न या व्युत्पत्तीतच अनुस्यूत आहे. १९२९ साली बसरा येथे उभारलेल्या युद्धस्मारकाचा विचार करताना तो टाळता येत नाही.

१९१४ ते १९२१ या काळात मेसोपोटेमियात कामास आलेल्या, परंतु ज्यांच्या कबरी ज्ञात नाहीत अशा ४०,००० हून अधिक लोकांसाठी हे स्मारक आहे. त्यांतील बहुसंख्य हिंदी होते. या मोहिमेत सहाव्या पुणे डिव्हिजनमधील १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी लढल्या. कूतच्या वेढ्यातही त्या अडकल्या होत्या. स्मारकावर ब्रिटिश मृतांची, साध्या शिपायांसह, नावे कोरण्यात आली. हिंदी अधिकाऱ्यांचीही आली. हिंदी शिपाई व हवालदार मात्र पलटणीच्या नावाखाली केवळ संख्येने नोंदले गेले.

लिप्यंतराच्या अडचणीची सबब येथे पुढे करता येणार नाही. याच युद्धसमाधी आयोगाने १९२७ साली फ्रान्समधील नव्ह-शापेल येथे हर्बर्ट बेकर यांच्या आराखड्यानुसार जे स्मारक उभारले, त्यावर ४,७०० हून अधिक हिंदी मृतांची नावे आहेत, आणि तेथील लेख इंग्रजीबरोबर अरबी, हिंदी व गुरुमुखीतही आहे. फ्रान्समध्ये जे साधले ते इराकमध्ये का साधू नये?

कोणी म्हणेल, आपल्याकडील कितीतरी वीरगळांवर तरी नाव कोठे असते? आक्षेप विचारार्ह आहे. वीरगळ (यातील उत्तरपद म्हणजे कन्नड ‘कल्लु’, दगड) पुष्कळदा निरक्षर असतो. परंतु त्यावर तो एक वीर लढताना दिसतो, अप्सरा त्याला नेतात, वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे बसतो. आणि दगड त्याच्या ओळखीच्या माणसांत उभा असल्याने नाव मुखोमुखी राहू शकत होते. बसऱ्यास तसे कोण होते? शिवाय वीरगळावर शेजाऱ्याचे नाव कोरून याला आकडा दिलेला नसतो. प्रस्तुत लेखकाच्या मते दोष अनामिकतेचा नसून एकाच स्मारकावरील या दुजाभावाचा आहे.

आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल प्रसिद्ध करून या विषमतेबद्दल क्षमा मागितली. स्मारक तत्पूर्वीच, १९९७ साली, मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर नेण्यात आले होते.